ओलं सारवण

हौसामावशीच्या शोकसभेत अण्णा खोटं बोलले.

बाकी सभा ठीक होती. फोटोला शेवंतीचा हार होता, तोही शिळ्या फुलांचा. मावशी असती तर हार आणणाऱ्याला तिनं तिथंच उभा सोलला असता. अण्णा हे आमच्या फूलबाजारातल्या व्यापाऱ्यांच्या संघाचे अध्यक्ष. माईक हातात घेऊन, गळा भरून आणून ते म्हणाले, "शेवटी शेवटी मावशीचा आणि माझा सगळा दुरावा मिटला होता. लिलावाची घंटा नुकतीच वाजली होती. मी स्वतः चहा घेऊन त्यांच्या गाळ्यावर गेलो. त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला आणि म्हणाल्या, अण्णा, माझ्यामागं हा गाळा तुमच्या पुतण्यानं सांभाळावा."

लोकांनी माना हलवल्या. मावशीची सून सुमन पहिल्या रांगेत बसली होती. तिनं नुसतं वळून माझ्याकडे पाहिलं. मी उठलो, "अण्णा, थांबा," एवढंच म्हणालो, तर मागून दोघांनी माझा शर्ट ओढून मला खाली बसवलं. "भाऊ, निदान आज तरी भांडू नका." माझं डोकं लवकर तापतं हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. त्याचा तोटा असा, की मी खरं बोललो तरी ते भांडण वाटतं. म्हणून लिहायला बसलो आहे. इथं माझा शर्ट ओढायला कोणी नाही.

बाहेरच्या माणसाला वाटेल, एका चहावरून एवढं काय? त्याला आमचा बाजार माहीत नाही. आमच्याकडे सौदा तोंडी होतो. सही नाही, शिक्का नाही. भाव जुळला की चहा येतो, आणि विकणारा आणि घेणारा दोघं एकाच वेळी प्याला तोंडाला लावतात. पहिला घोट उतरला की सौदा पक्का. मग आभाळ कोसळलं तरी माल फिरत नाही. पण चहा प्यायचा राहिला, तर सौदाही राहिला. त्यामुळे मावशीनं अण्णांच्या हातचा चहा घेतला असं म्हणणं म्हणजे तिनं गाळा अण्णांना दिला असं म्हणणं आहे. त्या गाळ्यावर सुमनचं आणि तिच्या दोन मुलींचं पोट आहे. मावशीचा मुलगा कधीच गेला. तेव्हा हे नुसतं आठवणींचं प्रकरण नाही.

मी मावशीचा भक्त होतो असंही कोणी समजू नये. मी कळवणकडच्या खेड्यातून आलो तो अंगावरच्या कपड्यांनिशी. त्र्यंबकेश्वरला देवळाबाहेर बेलाची पानं विकली, मग हार, मग मांडव सजवायची कामं. आज गंगापूर रोडला माझं दुकान आहे, आणि त्यातलं एक फूलही मी पहिल्या सांगितलेल्या भावानं घेतलेलं नाही. फक्त मावशीपुढे माझं चालत नसे. इतकी वर्षं तिच्याकडून माल घेतला. एकदाही आपण जिंकलो असं वाटून घरी गेलो नाही. तो राग अजून गेलेला नाही. ती मला आग्या म्हणायची, आग्या मोहोळातला. मी चिडलो की माझ्या तोंडात घरची अहिराणी येते, ‘आहे’चं ‘शे’ होतं. मग ती शेजारच्या गाळ्याला ऐकू जाईल अशी म्हणायची, "आला बघा आग्या शे-शे करत. आता दोन रुपये वाढवून सांगते."

दिसायला बाई एवढीशी. मखमलाबादकडच्या मळ्यात झेंडू, शेवंती आणि गुलाब लावणाऱ्या घरातली. नऊवारी घोट्याच्या वर, डोक्याला टॉवेल, कपाळावर मोठं गोंदण. फुलाला हात लावून ती ते कधी खुडलं ते सांगायची, पण ते काय, बाजारातले निम्मे लोक सांगतात. तिचं वेगळेपण बसण्यात होतं. सगळे व्यापारी गाळ्याच्या तोंडाशी उभे राहून ओरडतात. ही आत, पोत्यावर पाठ टेकून बसायची आणि ओरडायची नाही. गिऱ्हाइकाला वाकून आत यावं लागायचं. "वाकल्याबिगर भाव कमी व्हत नाय," असं ती म्हणायची. भाव मात्र वाकूनही कमी होत नसे.

ही बाई एका सकाळी झेंडूच्या ढिगावर आडवी झाली.

त्याआधी कित्येक महिने ती पोटावर हात ठेवून बसत होती. आमच्या बाजारात सगळ्यांच्याच पोटात जाळ असतो. अंधारात उठायचं, उपाशीपोटी सौदे करायचे, प्रत्येक सौद्याला चहा, आणि ओझ्यानं पाठ-गुडघे दुखायला लागले की टपरीवरची अंगदुखीची गोळी, तीही चहाबरोबरच. जेवण कधी, तर बाजार उठल्यावर. मावशीनं हे पस्तीसेक वर्षं केलं. त्या सकाळी शौचाला काळं डांबरासारखं झालं होतं म्हणे, पण तिनं ते कोणाला सांगितलं नाही, कारण गणपतीचा बाजार होता. माझा टेम्पो दारात आडवा लावलेला होता. इतर वेळी त्यावरून तिनं माझे पूर्वज काढले असते. त्या दिवशी त्यातच टाकून तिला नेली. शुद्ध आली तेव्हा पहिलं वाक्य, "आग्या, झेंडूवर गोणपाट टाकलं का?"

पोटात अल्सर होता आणि त्यातून रक्त गेलं होतं. दवाखान्यातून सुटल्यावर पुढचे उपचार गंगापूर रोडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे. बाई तरुण, चष्मा, आवाज हळू. पहिल्या खेपेला टेम्पो माझाच, म्हणून मीही आत बसलो होतो. अंगदुखीच्या गोळ्या कायमच्या बंद, असं त्यांनी सांगितलं. मावशीनं मान हलवली. मग त्यांनी एक पांढऱ्या पातळ औषधाची बाटली दाखवली. हे उपाशीपोटी घ्यायचं, आणि मग एक तास काही खायचं-प्यायचं नाही. चहासुद्धा नाही.

मावशी जरा पुढं सरकली. ते सरकणं मला ओळखीचं होतं.

"एक तास लय होतो, ताई. अर्धा करा."

"एक तास, आजी."

"आमचा बाजार हाय. चहाबिगर सौदा व्हत नाय. पाऊन तास. तुमचं बी नको, माझं बी नको."

"एक तास."

"बरं, चहा बिनदुधाचा?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे नुसतं पाहत राहिल्या. रागावल्या नाहीत, हसल्या नाहीत. मावशीही पाहत राहिली. मी इतकी वर्षं जे करू शकलो नाही ते त्या बाईंनी गप्प बसून केलं. मावशी मागं टेकली आणि म्हणाली, "कबूल." बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बाई पक्की हाय. फुलाच्या धंद्यात असती तर तुला इकून खाल्ला असता." माझ्या माहितीत मावशी सौद्यात हरली ती एवढी एकदाच. आणि सौदा एकदा कबूल केला की ती फिरत नसे. सगळी गोष्ट इथंच आहे.

अर्थात सुरुवातीला एक घोळ झाला. तिला गळ्याचीही गोळी होती, थायरॉइडची, बरीच आधीपासून. शिवाय रक्त गेलं म्हणून लोहाची गोळी, आणि जळजळीची कॅप्सूल. मावशीचा हिशेब व्यापाऱ्याचा. एकाच गावाला जायचंय तर चार टेम्पो कशाला? तिनं सगळं पहाटे उठल्याबरोबर पांढऱ्या औषधासोबत एका दमात घ्यायला सुरुवात केली. पोट निवत चाललं, पण माणूस बदललं. अंग जड, चेहरा सुजलेला, भर उन्हात शाल. आणि एक दिवस मी मोगऱ्याला अगदीच निर्लज्ज भाव सांगितला, पुढं भांडता यावं म्हणून, तर मावशी म्हणाली, "घेऊन जा."

मी गार पडलो. मी मोगरा घेतला, नाही असं नाही. दुसऱ्या दिवशीही घेतला. ते आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते आणि त्याबद्दल मला काडीचंही वाईट वाटत नाही. तिनं माझे कितीतरी हंगाम खाल्ले होते. पण बाजार घाबरला. "मावशी पहिल्या भावाला हो म्हणतीय" हे चहावाल्यापासून हमालापर्यंत सगळ्यांच्या तोंडी झालं. शेवटी सुमन तिला हाताला धरून पुन्हा गंगापूर रोडला घेऊन गेली. रक्त तपासलं तर थायरॉइडची गोळी असून नसल्यासारखी. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की ते पांढरं औषध पोटात जखमेवर लेप देतं. त्याच्यासोबत गेलेली दुसरी गोळी त्यात अडकते, अंगी लागत नाही. गळ्याची गोळी आणि पांढरं औषध यांच्यात चार तास तरी जाऊ द्या. बाकीच्या गोळ्याही त्याच्यापासून लांब ठेवा.

मावशीनं म्हणे जरा विचार केला आणि विचारलं, "म्हणजे सारवण घालता व्हय पोटाला?"

"तसंच समजा."

"मग आधी का नाय सांगितलं? ओल्या सारवणावर कोन पाय देतं?"

तिथून पुढं ती चुकली नाही. पहाटे उठल्यावर, घंटेच्या चांगले चार तास आधी, गळ्याची गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. लिलावाची घंटा वाजली की पांढरं औषध. घंटेनंतर तासानं भाकरी. लोहाची गोळी दुपारी मळ्यावर गेल्यावर. दिवेलागणीला कॅप्सूल, मग जेवण. तिनं घड्याळ कधी वापरलं नाही. घंटा, ऊन आणि दिवा यांवर सगळं बांधलेलं होतं. महिने गेले तरी हात ठरल्या वेळी आपोआप कमरेच्या पिशवीतल्या बाटलीकडे जायचा. मध्ये डॉक्टरीणबाईंनी पांढरं औषध थांबवलं, पण पोटानं पुन्हा उचल खाल्ली आणि ते पुन्हा सुरू झालं, ते अखेरपर्यंत. घंटेनंतर कोणी काही पुढं केलं, चहा, प्रसाद, लाडू, अगदी पाणीसुद्धा, की एकच उत्तर: "सारवण ओलं हाय."

मलाही हे उत्तर मिळालं. एका मोठ्या लग्नाचा मांडव मी घेतला होता आणि तिच्याशी गुलाबाचा भाव जुळला, जन्मात पहिल्यांदा माझ्या बऱ्यापैकी बाजूनं. मी धावत जाऊन स्वतः चहा आणला. ती म्हणाली, "सारवण ओलं हाय. तासानं ये." मला माहीत होतं की तासाभरात बाजार चढतो. मी अहिराणीत जे काही बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. प्याला भिंतीवर फुटला. ती शांतपणे म्हणाली, "काच उचल. पोरीबाळी अनवानी फिरत्यात." मी काच उचलली. तासानं गेलो तर भाव खरंच चढलेला होता. पण तिनं आधीचाच घेतला. "शब्द झाला व्हता," म्हणाली. यावर माझं म्हणणं एवढंच, की मग तो तास मला तिष्ठत का ठेवलं? माझा प्याला गेला आणि डोकं गेलं ते गेलंच.

आता अण्णांचं. अण्णांशी वाकडं आलं ते दसऱ्याच्या झेंडूवरून. दसऱ्याला आमच्याकडे सगळं वर्ष एका सकाळी वसूल होतं. दिंडोरीकडचा एक शेतकरी ट्रकभर झेंडू घेऊन आला, भरदार, केशरी, दव न पडलेला. मावशीशी भाव जुळला. चहा आला. घंटा नुकतीच वाजली होती, तिनं औषध घेतलेलं.

"माझा शब्द घे," ती म्हणाली. "चहा तासानं पिऊ."

शेतकऱ्याची हरकत नव्हती. पण अण्णा शेजारी उभे होते. त्यांनी चहावाल्याच्या हातातला तोच प्याला उचलला, दोन रुपये वर बोलले आणि शेतकऱ्याच्या हातात दुसरा प्याला दिला. बिचाऱ्याला गर्दीत काय चाललंय ते कळायच्या आत घोट उतरला. माल अण्णांचा झाला.

मावशीनं संघात दाद मागितली. संघाचे अध्यक्ष अण्णाच. चार जाणते बसवले आणि निकाल आला: चहा नाही, तर सौदा नाही; नियम सगळ्यांना सारखा. अण्णा वर हसत म्हणाले, "मावशी, एक घोट घ्यायचा होता. एका घोटानं काय मरत होता का?"

"मरत व्हते," मावशी म्हणाली. "तू व्हता का झेंडूवर आडवा? मी व्हते."

निकाल मात्र बदलला नाही. म्हणजे रोज सकाळी घंटेनंतरचा तास, ज्या तासात खरा बाजार होतो, त्या तासात मावशीचा शब्द कोणीही मोडू शकत होता. एक तर पोट सांभाळायचं, नाही तर गाळा. दोन्ही नाही. मला वाटलं, आता बाई चहा प्यायला लागेल, नाही तर घरी बसेल. खरं सांगायचं तर अण्णांनाही तेच हवं होतं. कोपऱ्यावरच्या त्या गाळ्यावर त्यांचा डोळा जुना.

दुसऱ्या दिवशी मावशी भाकरीचं मोठं गाठोडं घेऊन आली. गाळ्याच्या तोंडाशी उभी राहिली. हीसुद्धा पहिलीच वेळ. आणि ओरडली. त्या दिवशी कळलं की तिला ओरडता येत होतं.

"ऐका रे! हौसाच्या गाळ्यावर आजपासून चहा नाय. भाव बोला, माल ठेवा, माझा शब्द घ्या. घंटेनंतर तासानं भाकर मोडंल. ज्यानं माझ्या भाकरीचा तुकडा खाल्ला त्याचा सौदा पक्का. ज्याला चहा पायजे त्यानं अण्णाकडं जावं!"

लोक हसले. दोन दिवस तिच्याकडे कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी पेठकडचा एक म्हातारा डोंगरातली फुलं घेऊन आला. रात्रभर प्रवास, पोटात अन्नाचा कण नाही. तो तास बसून राहिला. भाकरी मोडली, वर बिनतिखटाची मुगाची उसळ. त्यानं अर्धी भाकरी संपवली आणि म्हणाला, "बाई, आमाला इथं आजवर नुसता चहाच देत आले." पुढच्या खेपेला तो चौघांना घेऊन आला. रात्री उपाशी निघालेल्या शेतकऱ्याला भाकरी म्हणजे काय, हे अण्णांना कळण्यासारखं नव्हतं. महिन्याभरात मावशीच्या गाळ्याबाहेर माणसं बसून राहायला लागली. एक तास. काही न खाता, न पिता, तिच्याबरोबर. सबंध बाजाराच्या चालीविरुद्ध त्या बाईनं माणसांना आपल्या पोटाच्या वेळेवर आणलं. आणि भाकरीवर झालेला सौदा कोणी मोडल्याचं मी पाहिलं नाही. चहा पिऊन लोक विसरतात. भाकरी खाऊन विसरणं जड जातं.

पुढच्या वर्षीच्या नवरात्रात तर कहर. आमच्या बाजारात निम्मे लोक नऊ दिवस अनवाणी आणि उपाशी. वणीच्या गडाला जाणारे हार, घटाच्या माळा, सगळीकडे देवीचं नाव. त्यात ही बाई ठरल्या वेळी गाळ्यात बसून भाकरी मोडायची. एका व्यापाऱ्याची बायको म्हणाली, "मावशी, निदान आत पडद्याआड तरी खा. देवीचे दिवस आहेत."

मावशी घास चावत म्हणाली, "देवीला फुलं कोन धाडतं? मी. मी मेले तर तिला माळ तू घालशील, ती बी शिळी. तिनंच मला ती डॉक्टरीन दावली. आता तिच्यापुढं खायला मला लाज कसली?" मग पिशवीतून सगळ्यात चांगल्या झेंडूची एक माळ काढून त्या बाईच्या हातात दिली. "ही गडावर घेऊन जा. सांग, हौसानं जेवून पाठवली."

आता त्या दिवसाचं. अण्णा ज्याबद्दल बोलले तो दिवस. मी तिथं होतो, झेंडूच्या भावासाठी वाकून आत बसलेला.

मावशी तेव्हा फार थकली होती. पोटानं नव्हे, पोट तिनं राखलं होतं. हृदय थकलं होतं. भाव बोलायचं काम सुमन करत होती आणि बरं करत होती. माझ्याशी तर सासूपेक्षा वाईट वागत होती. घंटा वाजली. मावशीनं बाटली काढली, हलवली, औषध घेतलं, तोंड पुसलं. तेवढ्यात अण्णा आले. मागं चहावाला, हातात दोन प्याले. इथपर्यंत अण्णा सभेत खरं बोलले.

ते बसले. "मावशी, मागचं सोडा. तुमच्यानं आता होत नाही. सुमन एकटी बाई, या बाजारात तिला कोण टिकू देईल? गाळा पुतण्याच्या नावे करून देऊ. सुमनला घरबसल्या महिन्याला पैसे पोचवतो. घ्या, चहा घ्या."

मावशीनं प्याल्याकडे पाहिलं. "सारवण ओलं हाय," ती म्हणाली. "बसा."

मला वाटलं अण्णा उठून जातील. त्यांनी आयुष्यात कोणाची वाट पाहिलेली नाही. पण त्यांना वाटलं असणार, की तासानं ती घेईलच. ते बसले. एकीकडे सुमन बाहेर भाव बोलत होती. अण्णा ऐकत होते. एका शेतकऱ्यानं तिला "ताई" म्हटलं, मग दुसऱ्यानं. अण्णांच्या पोटातही आमच्या सगळ्यांसारखाच जाळ. दर थोड्या वेळानं ढेकर, मग खिशातली चघळायची गोळी. चहावर साय धरली. मग ती सायही सुरकुतली.

तास झाला. ते सांगायला तिथं घड्याळ लागत नव्हतं. बाहेर बसलेली माणसं उठून उभी राहिली. मावशीनं गाठोडं सोडलं, भाकरी मोडली. पहिला तुकडा अण्णांपुढं धरला.

"गाळा सुमनचा," ती म्हणाली. "तिला कोन टिकू देईल इचारलं ना? तुमी टिकू द्याल. कबूल असंल तर घ्या. नसंल तर चहा घेऊन जावा."

अण्णांनी बाहेर पाहिलं. दाराशी आठ-दहा माणसं वाकून आत बघत होती. मग त्यांनी भाकरीकडे पाहिलं. त्यांनी ती का खाल्ली असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. लाजेनं म्हणा, भुकेनं म्हणा, त्या जाळानं म्हणा. त्यांनी तुकडा घेतला, तोंडात टाकला, चावला. आणि गिळल्यावर म्हणाले, "थोडा ठेचा आहे का?"

"ठेचा डॉक्टरीनबाईनं बंद केलाय," मावशी म्हणाली. "तुमी बी बंद करा. अन् त्या गोळ्या चघळन्यापरीस एकदा तिला पोट दावा." आणि दोन्ही प्याले उचलून तिनं गार चहा बाहेरच्या मोरीत ओतला.

हे घडलं. घंटेनंतर तासभर हौसामावशीच्या तोंडात कोणाच्याही हातचं काही गेलेलं या बाजारात कोणी पाहिलेलं नाही, हे अण्णांना सुचलं नाही. खोटं बोलायला त्यांनी नेमका तोच तास निवडला. चहा घेतला नव्हता. भाकरी खाल्ली होती, आणि ती अण्णांनी. आता सुमनच्या गाळ्याला त्यांनी हात लावून दाखवावा. दाराशी वाकून उभी असलेली माणसं अजून जिवंत आहेत, आणि मीही आहे.

कोणी म्हणेल, तुम्ही मावशीच्या बाजूचे, तुम्ही असंच सांगणार. म्हणून उरलेलंही सांगतो. अण्णा गेल्यावर मावशीनं दाराशी असलेल्या प्रत्येकाला तुकडा दिला. मग माझ्याकडे वळली. हातात शेवटचा तुकडा, त्यावर उसळ.

"घे आग्या. सुमननं सांगितलाय त्या भावानं."

"तो भाव आहे का लुटालूट?" मी म्हणालो. "किलोमागे दोन कमी कर, मग खातो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. खूप दिवसांनी तिच्या डोळ्यांत ती जुनी चमक होती. मग हात मागं घेतला, तो तुकडा स्वतःच्याच तोंडात टाकला आणि माझ्याकडे पाहत सावकाश चावत राहिली. पोत्याला पाठ टेकलेली, डोक्याला टॉवेल, एक गाल फुगलेला. हे तिचं मला झालेलं शेवटचं दर्शन.

त्या दिवशी त्या गाळ्यावरून भाकरी न खाता उठलेला माणूस एकच. तो मी. माझा सौदा झालेला नाही, आणि त्याचा राग मला अजून आहे. मी तिच्यासाठी खोटं कशाला बोलू?